सुकलूची दवंडी

११ नोव्हेंबर

एटापल्लीला येऊन आठवडा झाला. बल्लारपूरहून निघताना कुंता म्हणाली होती, रोज काय झालं ते फोनवर सांगत जा. इथं फोनला रेंज मिळाली तर सांगेन ना! म्हणून वहीत लिहितो. बायकोला सांगता येत नाही तेही वहीत लिहिता येतं, तेवढी एक सोय.

कॉम्प्युटर शिकवायचं केंद्र म्हणजे सिमेंटच्या दुकानामागच्या दोन खोल्या. दहा कॉम्प्युटर, त्यातले चार मी आल्यावर जिवंत केले. समोरच्या रस्त्यावरून दिवसभर सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक जातात आणि लाल धूळ कीबोर्डच्या फटीफटीत जाऊन बसते. मालक प्रवीण. वय तिशीच्या आत, गाडी नवी, तीन गावांत केंद्रं. शुक्रवारी येतो, उभ्याउभ्या बोलतो. "शेंडे सर, अठरा पोरं आहेत, अठराच्या अठरा पास पाहिजेत. ट्रकांच्या वजनकाट्यावर ऑपरेटर लागतात, ठेकेदाराशी बोलणं झालंय. सर्टिफिकेट असलं की पोरं लागली कामाला. नाही झाली पास तर केंद्राची मान्यता जाईल." मान्यता गेली की मीही गेलो, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

बल्लारपुरात स्टेशनजवळ माझं दुकान होतं. अर्ध्या गावाच्या ऑफिसांत केबल मी ओढल्या. ज्यांना माऊस धरायला शिकवला ते आज साहेब होऊन बसलेत. आमच्या घरची सात पिढ्यांची तळ्यावरची मासेमारी सोडून मी या धंद्यात पडलो आणि लोकांच्या हातात मोबाईल आले. दुकान बसलं. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही, फक्त हात आहेत. प्रवीणने ठेवून घेतलं ते त्याला स्वस्तात पडलो म्हणून, हे मला कळतं.

१९ नोव्हेंबर

छापील पुस्तकाने पोरांना झोप येते. "ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे वापरकर्ता व हार्डवेअर यांमधील मध्यस्थ प्रणाली." हे वाचून मलाच जांभई आली. पुस्तक मिटलं.

म्हटलं, लग्नघरी कारभारी असतो की नाही? पाहुण्याला भूक लागली तर तो स्वतः हंड्यात हात घालतो का? कारभाऱ्याला सांगतो. कारभारी स्वयंपाक्याला सांगतो, वाढप्याला सांगतो, कोणती पंगत आधी बसेल तेही तोच ठरवतो. ती ऑपरेटिंग सिस्टीम. पाहुणे म्हणजे तुमचे प्रोग्रॅम. सगळे जागे झाले.

मग रॅम म्हणजे खळं आणि हार्ड डिस्क म्हणजे धानाची ढोली. खळ्यावर राहिलं ते वाऱ्यापावसाने नेलं, ढोलीत भरलं ते उरलं. सेव्ह करणं म्हणजे ढोलीत भरणं. फायरवॉल म्हणजे जाळरेषा. उन्हाळ्याआधी जंगलात पट्टा साफ करतात, पलीकडची आग अलीकडे येऊ नये म्हणून. यातली अर्धी पोरं दरवर्षी त्या मजुरीला जातात. फायरवॉल कशासाठी ते त्यांनीच मला सांगितलं.

शिकवणं हे आपलं काम आहे, हे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळावं! तरुणपणी कुणी विचारलं असतं तर.

२६ नोव्हेंबर

आज हब आणि स्विच. दोन्ही म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे डबे. एक डबा आलेला निरोप जोडलेल्या सगळ्यांना ऐकवतो, दुसरा ज्याचा निरोप त्यालाच नेऊन देतो. हा एवढाच फरक, पण परीक्षेत हमखास येतो.

बाहेर टपरीवर सुकलू चहा पीत होता. सुकलू म्हणजे नदीपलीकडच्या गावचा कोतवाल, आमच्या वर्गातली करिश्मा नरोटे त्याच गावची. रोज तहसिलीत येतो आणि टपरीवर बसतो. त्याला आत बोलावलं. म्हटलं, "सुकलूभाऊ, दवंडी कशी देता ते दाखवा." लाजला. मग कोपऱ्यातला पत्र्याचा डबा घेऊन वाजवला आणि घसा ताणून ओरडला, "ऐका हो ऐका, उद्या सकाळी शाळेत ग्रामसभा हाये हो!" दुकानातला सिमेंटवालासुद्धा बघायला आला.

मी म्हटलं, ही दवंडी म्हणजे स्विच. सगळ्या गावाला एकदम. आणि हब म्हणजे अल्लापल्लीचा बसस्टँड. प्रत्येक गाडी आपापल्या गावालाच जाते. कॉम्प्युटर जोडलेल्या आपल्या डब्यावर दाखवलं पण. त्यावर इंग्रजीत 'स्विच' लिहिलेलं आहे. कॉम्प्युटर सुरू केले की सगळे हिरवे दिवे एकदम लुकलुकतात. म्हटलं, बघा, सुकलूची दवंडी सगळ्या घरी पोचली.

पोरं इतकी हसली की तास संपल्याचं कुणाला कळलं नाही. आता जन्मात विसरणार नाहीत.

२८ नोव्हेंबर

करिश्माबद्दल लिहायला हवं. हुशार आहे यात शंका नाही, पण हुशारीला जरा जास्त टोक आहे. आज सगळ्यांसमोर उठली.

"सर, पुस्तकात तं उलटं लिवलं हाये. हब सगळ्याईले देते, स्विच एकालेच."

मी म्हटलं, "पुस्तक लिहिणाऱ्याने आयुष्यात एक तरी केबल ओढली असेल का?"

सगळे हसले. तिने बसायला हवं होतं. बसली नाही. "नाई सर, म्या पाह्यलं. ह्या बाजूच्या पत्रूच्या कॉम्प्युटरवरून माह्या कॉम्प्युटरवर फोटो पाठवला, तवा दोनच लाइट पळत होते. बाकीचे शांत. सगळ्याईले गेलं असतं तं सगळे नसते पळाले?"

मी म्हटलं, "बाकीचे दिवे कमजोर झालेत. धुळीने."

"मंग चालू करतानी कसे लागते?"

मी म्हटलं, "करिश्मा, तू शिकवतेस की मी?" बसली.

वीस वर्षं मी हे डबे हाताळले. कालची पोर मला दिवे मोजून दाखवते. पुस्तकाचं ते पान मी बघितलेलं नाही, बघणारही नाही. छपाईच्या चुकांनी भरलेलं पुस्तक आहे ते.

१५ डिसेंबर

काल फसगत झाली. गाडी घेऊन बाजूच्या गावात एक प्रिंटर दुरुस्तीला गेलो होतो, येताना नदीपलीकडे चाक पंक्चर. ढकलत ढकलत पोचलो ते नेमकं करिश्माच्या गावात. तिथं त्यांचं पंडुम चालू होतं, नव्या धान्याचा सण. माझी चारपाच पोरं तिथंच. "सर आले, सर आले" म्हणून धावत आली. मी पंक्चरचं बोलायच्या आत करिश्माच्या आजीने हात धरून मला पंगतीत बसवलं. पानावर भात, मुंग्यांची चटणी, मोहाची दारू पुढे. दारू घेतली नाही. चटणी खावी लागली. आंबट होती, चांगली होती. हे कुंताला सांगणार नाही.

पत्रू म्हणाला, "सर, याच्याआधीचे दोन सर कधीच गावात नाई आले. तुम्ही स्वतःहून आले."

आता त्याला काय सांगायचं? पोरांनी चाकाला ठिगळ लावलं आणि नदीपर्यंत पोचवायला आली. पंक्चर नसतं तर मी त्या गावात पाऊलही टाकलं नसतं, हे मला एकट्यालाच माहीत.

८ जानेवारी

प्रवीण येऊन गेला. परीक्षा महिनाअखेर. निम्मे प्रश्न पर्यायांचे, निम्मे आपल्या शब्दांत उदाहरणासह टाइप करायचे. "उदाहरणाचे पेपर तपासणारे वरच्या ऑफिसातले आहेत, नीट घोकून घ्या." मी म्हटलं, माझ्या पोरांना घोकावं लागत नाही. त्याने मोबाईलवरून मान वर केली नाही.

उपकारकर्त्याच्या दारात उभं राहणं काय असतं ते ज्याचं त्याला ठाऊक. कुंताने विचारलं, तब्येत कशी आहे. म्हटलं, मस्त.

२७ जानेवारी

माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय.

तास संपल्यावर सगळीच्या सगळी पोरं मागच्या चिंचेखाली गोल बसली. जमिनीवर, मोठ्या माणसांसारखी. मी खिडकीतून बघत होतो. बोलणं त्यांच्या माडिया बोलीत, मला कळत नाही. मधेमधे 'सर' ऐकू यायचं आणि 'पुस्तक'. करिश्मा बराच वेळ बोलली. हात हलवून हलवून. मग पत्रू बोलला. मग एकेक जण. कुणी कुणाला मधे तोडत नव्हतं. शेवटी करिश्मा गप्प झाली, मान खाली घातली, आणि मग सगळ्यांनी एकेक करून मान हलवली. तिनेही हलवली.

मी बाहेर गेलो तर सगळी उठून उभी. "काय चाललंय?" पत्रू म्हणाला, "काई नाई सर. अभ्यास."

ही पोरगी प्रवीणकडे तक्रार करणार. सर चुकीचं शिकवतात म्हणून. सही पण घेतली असेल सगळ्यांची. ज्यांच्या पानावर जेवलो त्यांनीच असं करावं! मी कुणाचं वाईट केलं होतं?

३० जानेवारी

परीक्षा झाली. दोन फेऱ्यांत, नऊ नऊ. नेट एकदाही तुटलं नाही. राऊटर मी काल पुसूनबिसून, नवी केबल टाकून ठेवला होता. प्रवीण म्हणाला, "लकी आहात सर." लकी! हाताचं काम कुणाला दिसतच नाही.

शेवटचा प्रश्न हब आणि स्विचमधला फरक, उदाहरणासह. पोरं बाहेर आली तेव्हा पत्रू माझ्याकडे बघून हसला आणि टेबलावर बोटांनी दवंडी वाजवली. करिश्मा सरळ बसस्टँडकडे निघून गेली.

तक्रार अजून आलेली नाही.

१२ फेब्रुवारी

तक्रार आली, पण पोरांची नाही. वरच्या ऑफिसची. अठराही निकाल राखून ठेवलेत. सामूहिक कॉपी. कारणं दोन. सगळे पेपर एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे नेटवरच्या एकाच ठिकाणाहून आले, हे पहिलं. आणि उदाहरणाची उत्तरं अठराही जणांची एकसारखी.

प्रवीण फोनवर असा ओरडला की टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. "मान्यता गेली तर तुम्हाला सोडणार नाही, शेंडे." शेंडे! 'सर' गळून पडलं.

ठेकेदाराने काट्यावरच्या जागा महिनाभर थांबवून ठेवल्यात. महिन्यात निकाल नाही लागला तर बाहेरची माणसं आणतील. पोरं सकाळपासून केंद्राच्या पायरीवर बसून आहेत. कुणी काही विचारत नाही. हेच सहन होत नाही. विचारा ना काहीतरी!

१३ फेब्रुवारी

मी सविस्तर उत्तर लिहिलं. आतल्या दहा कॉम्प्युटरना आपापले पत्ते आहेत, पण बाहेर जायचा रस्ता एकच, राऊटर. बाहेरच्याला राऊटरचाच पत्ता दिसतो. सबंध गावाचं टपाल एकाच पोस्टाच्या शिक्क्याने जातं म्हणून सगळ्या गावाची पत्रं एकाच माणसाने लिहिली असं होतं का? हे वाक्य मला आवडलं. एवढं साधं ज्यांना कळत नाही ते आमच्या पोरांना तपासणार. आंधळं दळतंय.

बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

उत्तर आलं. आयपीचा मुद्दा मान्य. तो त्यांनाही माहीत होता म्हणे, फक्त नोंदवला होता. दुसरा मुद्दा तसाच. सोबत उत्तरांच्या प्रती.

वाचल्या. लग्नाचा कारभारी अठरा वेळा. खळं आणि ढोली अठरा वेळा. जाळरेषा अठरा वेळा. माझीच वाक्यं, माझ्याच विरामांसकट. यावर त्यांचं म्हणणं नाही, शिकवलेलं असू शकतं, असं लिहिलंय. पण शेवटचा प्रश्न. "स्विच म्हणजे सुकलू कोतवालाची दवंडी, सर्वांना एकदम ऐकू येते." अठरा जण. तपासणाऱ्याने खाली लाल अक्षरात लिहिलंय, 'उत्तर उलट आहे. अठरा विद्यार्थ्यांनी एकच चूक त्याच कोतवालासह करणे शक्य नाही.'

करिश्मानेही तेच लिहिलंय. मी तिचा कागद तीनदा बघितला.

मग पुस्तक काढलं. ते पान. पुस्तकात करिश्मा म्हणाली होती तसंच आहे. छपाईची चूक असणार. सोनूला फोन लावला. माझा मुलगा, नागपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. इकडचं तिकडचं बोलून सहज विचारलं. तो हसला. "पप्पा, हे तं पहिल्या आठवड्यात शिकवते. हब सगळ्यांना, स्विच एकाला. काऊन, कोणी उलटं सांगितलं का?"

म्हटलं, इथं एक पोरगी आहे, ती गोंधळली होती.

२० फेब्रुवारी

सुकलू टपरीवर भेटला. त्याचं नाव पोरांच्या उत्तरांत आलं म्हणून आधी खूश होता, आता घाबरलाय. त्याला वाटतंय पोलीस येतील. त्याला समजावता समजावता सहज म्हटलं, "ही पोरं चिंचेखाली बसून माझ्याविरुद्ध काय कट करत होती कोण जाणे."

सुकलूने आपला कप खाली ठेवला. "कट? मास्तर, त्याईनं गावासारखी सभा घेतली होती. म्या मागं बिडी ओढत होतो, सारं आयकलं. करिश्मा म्हणे का पुस्तकातलं बरोबर हाये, तेच लिवू. बाकीचे म्हणे का पुस्तक आपल्या गावात कधी आलं? सर आले. पंडुमले पंगतीत बसले. सर म्हणते ते लिवू. अन् अर्ध्यानं एक, अर्ध्यानं दुसरं लिवलं तं सरची बेइज्जती होईन."

"आणि करिश्मा?"

"भांडली लई. पण मंग सभेचं ठरलं. ठरलं का ठरलं. सभेत हारलेला वेगळा चालत नाई, मास्तर. त्येनं गाव फाटते."

माझा चहा थंड झाला. सुकलूने तो पण पिऊन टाकला.

असला कसला हा रिवाज? पेपर म्हणजे काय ग्रामसभा आहे? ज्याचं त्याने लिहायचं असतं, एवढं यांना कुणी शिकवलं नाही? मला राग आला, खरंच राग आला. कुणावर, ते इथं लिहीत नाही.

२४ फेब्रुवारी

उद्या चौकशीला वरून मॅडम येणार. प्रवीण आज मुक्कामाला आलाय. त्याने मला टपरीपासून दूर नेऊन सांगितलं, "सर, सरळ हिशेब आहे. शिकवणाऱ्याने चुकीचं शिकवलं असं निघालं तर केंद्रच बंद. पोरांनी कॉपी केली असं निघालं तर पोरांचं जे व्हायचं ते होईल, केंद्र राहील. तुमच्याकडे सर्टिफिकेट नाही हेसुद्धा अजून त्यांनी विचारलेलं नाही." शेवटचं वाक्य त्याने फार मऊ आवाजात म्हटलं.

मी ठरवलंय. खरं सांगायचं. 'मी उलटं शिकवलं.' तीन शब्द. बल्लारपूरला परत जाईन. मासे धरीन. हातांना ते अजून येतं.

कुंताचा फोन आला होता. सोनूच्या दुसऱ्या सत्राच्या फीचं बोलत होती. मी ऐकून घेतलं.

२५ फेब्रुवारी

मॅडम चांगल्या होत्या. हे आधी लिहितो, कारण त्या वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. पाणी मागून घेतलं, पोरांना बसा म्हणाल्या, पोरांच्या गावांची नावं विचारली. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "सर, कोतवालाचं उदाहरण तुमचं का?"

म्हटलं, हो.

"मग तुम्ही स्विचला दवंडी म्हणालात की हबला?"

प्रवीण दारात उभा होता. अठरा पोरं माझ्याकडे बघत होती. पत्रू तर हसतच होता, आता सर सांगतील आणि सगळं सुटेल असा. खरं सांगायची वाट समोर उघडी होती.

मी म्हटलं, "हबला. पुस्तकाप्रमाणेच."

पत्रूचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. अठरांपैकी एकानेही म्हटलं नाही की सर, खोटं बोलता.

मॅडम म्हणाल्या, "मग अठरा जणांनी उलटं कसं लिहिलं?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. माडियात दोनतीन शब्द झाले, बस. मग करिश्मा उठली. त्याच जागेवरून, तशीच सरळ.

"म्या सांगतलं, मॅडम. माह्या ध्यानात उलटं राह्यलं होतं. पेपराच्या आधी म्या साऱ्याईले तसंच सांगतलं. सरनं बरोबर शिकवलं होतं."

मॅडमनी विचारलं, खात्री आहे ना? परिणाम माहीत आहेत ना? ती म्हणाली, "हाये." एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो. नक्की बोललो असतो.

२६ फेब्रुवारी

आज विचार केला तर वाटतं, तिने सांगितलं ते अगदीच खोटं नाही. नोव्हेंबरपासून या प्रश्नावर वर्गात गोंधळ कुणी घातला? तिनेच. दिवे मोजत बसली नसती तर चिंचेखालची सभाच भरली नसती. आणि तिला बरोबर उत्तर माहीत होतं, तर लिहायचं होतं. कुणी हात धरला होता?

हे वाक्य लिहून झाल्यावर वही मिटली होती. परत उघडली. वाक्य तसंच आहे.

७ मार्च

निर्णय आला. करिश्माला दोन वर्षं परीक्षाबंदी. बाकी सतरांची पुन्हा परीक्षा, तीसुद्धा फक्त त्या एका भागाची. केंद्राला ताकीद. शिकवणाऱ्याबद्दल एक ओळ आहे, 'अध्यापन समाधानकारक'. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं पहिलं सर्टिफिकेट म्हणायचं!

प्रवीणने पेढे आणले. मी एक खाल्ला.

१९ मार्च

सतराही पास. पत्रूने या वेळी काय लिहिलं ते मी विचारलं नाही. निकाल बघून तो माझ्या पाया पडायला वाकला नाही. हात जोडले, तेही लांबून. "येतो, सर." 'सर' तेवढं ठेवलं. काट्यावर निळे शर्ट मिळालेत, सगळे फोटो काढत होते. मला फोटोत बोलावलं नाही. कशाला बोलावतील?

२ एप्रिल

मोहाचे दिवस. पहाटेपासून बाया टोपल्या घेऊन झाडांखाली. नदीकडच्या रस्त्याला करिश्मा दिसली, आजीसोबत फुलं वेचत होती. गाडी वळवावी असं वाटलं, पण रस्ता एकच आहे. तिनेच उठून विचारलं, "सर, जेवले का?"

म्हटलं, हो. सकाळचे आठ वाजले होते.

आजीने ओंजळभर फुलं कागदात बांधून माझ्या हातात दिली. आजीला काही माहीत नसावं. की माहीत असूनही दिली? त्या गावाचं मला काहीच कळत नाही. सुकलू सांगत होता, गावाने ठरवलंय, करिश्माच्या घरची दोन वर्षांची जाळरेषेची मजुरी पोरं आळीपाळीने भरून देणार, तिला जंगलात पाठवायचं नाही, तिने घरी बसून पुस्तक वाचायचं. "सभेसाठी एकटी उभी राह्यली ना," तो म्हणाला. "मंग सभा तिच्यासाठी उभी राह्यते."

फुलं गाडीच्या डिकीत वाळली. टाकवत नाहीत.

५ मे

नवी बॅच. प्रवीणने पगार वाढवला. कुंता खूश आहे, सोनूच्या सत्राची फी भरली.

आज हब आणि स्विच. सुकलूला बोलावलं नाही, तोही आजकाल टपरीवर पाठ करून बसतो. पुस्तक उघडून हातात धरलं आणि सावकाश वाचून दाखवलं. हब आलेला निरोप सर्वांना पाठवतो, दवंडीसारखा. स्विच फक्त संबंधित संगणकाला. मग पत्रूच्या जुन्या कॉम्प्युटरवरून शेजारी एक फोटो पाठवला आणि सगळ्यांना डब्याजवळ बोलावलं. दोनच दिवे पळत होते. बाकीचे शांत. म्हटलं, बघा, हा स्विच. पोरांनी वहीत लिहून घेतलं. कुणी हसलं नाही, आणि मला वाटत नाही उद्या कुणाच्या लक्षात राहील.

पुढच्या बाकावर रीता नरोटे बसते. करिश्माची धाकटी बहीण, तिच्यासारखीच सरळ उठून बोलणारी.

"सर, हे मले येते. ताईनं घरी शिकवलं, असंच. ताई म्हणे का दोन लाइटवरूनच वळखाचं."

मी म्हटलं, "बरोबर सांगितलं ताईने."

"मंग ताईनं पेपरात उलटं काऊन लिवलं, सर?"

ती खरंच विचारत होती. तिला घरी कुणी काही सांगितलेलं नाही. सभेने ठरवलं असेल, सांगायचं नाही.

मी सगळ्यांना पुढचं पान काढायला सांगितलं. पुढच्या पानावर फायरवॉल होतं. ते मला बरोबर येतं.